चाकांवरचं घर आणि तुमचे बंधुराज

ती. ताई,

धाकट्या भावजयीचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? वाकता येत नसेल तर वाकू नका, घरात वाकायला बाकीची माणसं आहेत. आम्ही सगळे धडधाकट आहोत. तुमच्या बंधुराजांबद्दल मात्र पत्रातूनच लिहावं लागतं, कारण फोन केला की ते शेजारी येऊन उभे राहतात.

कॅम्परव्हॅन भाड्याने घेऊन राष्ट्रीय उद्यान बघायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं तेव्हा तुम्हीच म्हणाला होतात, "करू दे गं, चार दिवसांत उतरेल." उतरलं नाही. अख्खा हिवाळा जेवणाच्या टेबलावर उद्यानाचा नकाशा पसरलेला आणि आम्ही ताटल्या मांडीवर घेऊन जेवतोय. (एकदा माझ्या हातून त्यावर सूप सांडलं, पण नेमकं तळ्यावर, म्हणून निभावलं.) कुठल्या धबधब्यापाशी किती वेळ थांबायचं, कुठल्या वळणावर कुणी फोटो काढायचा, पाऊस आला तर गाडीत कुणी कुठे बसायचं, सगळं ठरलं. सूर्यास्तालासुद्धा वेळ नेमून दिली होती. मी फक्त एकदा विचारलं, की एवढी मोठी गाडी तुम्हाला चालवता येते का? तर म्हणाले, "मी तिचे सगळे व्हिडिओ पाहिलेत." व्हिडिओ पाहून माणूस पोहायला शिकतो का, हे मी विचारलं नाही. संसार करायचा असतो.

बाबांना न्यायचं नव्हतंच. ते आठवडाभर तुमच्याकडे राहतील असं बोलणं चाललं होतं, पण नेमकं तेव्हाच तुमच्याकडे रंगकाम निघालं (मोठं घर म्हटलं की वेळ लागायचाच). म्हणून बाबाही आले. सासूबाई गेल्यापासून ते खिडकीपाशी बसले की उठत नाहीत, हे तुम्हाला फोनवरून ठाऊक आहेच. गाडीतही त्यांनी आधी खिडकीच पकडली.

निघताना गाडी मागे घेता घेता बंधुराजांनी आपल्याच फाटकाचा खांब आडवा केला. आता हा माणूस विमा कंपनीत लोकांच्या ठोकलेल्या गाड्या तपासतो. सवयीप्रमाणे खाली उतरले, कमरेवर हात ठेवून चहूबाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "चालकाचा निष्काळजीपणा. भरपाई मिळणार नाही." मग चालक कोण ते त्यांच्या लक्षात आलं. 

उद्यानाच्या दारात वनरक्षक बाईंनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळली. एवढी लांब गाडी घाटात वळत नाही, म्हणून वर सोडत नाहीत म्हणे. यांनी नकाशा दाखवला, वेळापत्रक दाखवलं. बाई म्हणाल्या, "छान केलंय. गाडी मात्र त्या मैदानात लावा." झालं, आमचा मुक्काम उद्यानाच्या बाहेर. वर जायला उद्यानाची बस होती. पण बसने जाणं योजनेत बसत नव्हतं, तेव्हा बंधुराज रुसलेल्या जावयासारखे गाडीतच बसून राहिले. मी आणि लेक मात्र बसने जाऊन सगळं बघून आलो.

आणि बाबा? शेजारच्या लहानशा व्हॅनमध्ये एक निवृत्त नर्सबाई होत्या, एकट्याच फिरतात. आमची शेगडी पेटेना आणि बंधुराज व्हिडिओ शोधत बसले, तेव्हा त्या आल्या आणि त्यांनी गॅसच्या टाकीची चावी उघडली. (ती बंदच होती.) मग बाबांना विचारलं, "चहा घेणार?" बाबा खिडकीपासून उठले, ताई. दुसऱ्या दिवशी दोघं पहिल्या बसने धबधब्याला गेले, आणि मग रोजच जायला लागले. एकदा नखशिखांत भिजून, बूट हातात घेऊन परत आले, आणि हसत होते. ते हसणं मी विसरलेच होते. मला आत जाऊन तोंड धुवावं लागलं. तुमच्या बंधुराजांनी विचारलं, "बाबा, या वयात हे शोभतं का?" बाबा शांतपणे म्हणाले, "माझं उद्यान बघून झालं. तू अजून दाराबाहेरच आहेस."

असो. उद्या फाटकाच्या खांबासाठी गवंडी येतोय. बंधुराज समुद्रकिनाऱ्याचा नकाशा घेऊन आलेत. कंबर शेकत जा.

तुमची,
धाकटी भावजय

ता. क. बाबा शनिवारी तुमच्याकडे पोचतील. यांची समजूत अशी, की ते बसने येताहेत आणि महिनाभर तुमच्याकडेच राहणार आहेत. यांनी विचारलं तर तुम्हीही तसंच सांगायचं, एवढ्यासाठी हे पत्र. प्रत्यक्षात दोघं एक दिवस मुक्काम करून डोंगरांकडे निघतील. व्हॅन लहान आहे, तुमच्या दारात मावेल.

आणखी एक ता. क. नाही म्हणायला फोन करू नका, ते निघालेसुद्धा. पत्ता मीच दिला. बाईंना काय म्हणून हाक मारायची, असं तुम्ही विचाराल. मी अजून 'अहो'वर भागवतेय. तुम्ही थोरल्या, तुम्हीच काय ते ठरवा.