मागितली असती तर

महाड, दि. ८ फेब्रुवारी १९९९

चि. सोनबास दादाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व क्षेम. फक्त तुझ्या फिर्यादीवरून आपल्या ठकूचा राजू आरोपी झाला आहे, एवढेच.

'शनिवारी वीरला उतरतो, स्टेशनवर कुणाला तरी पाठवा' असे तूच लिहिलेस. मी भाच्याला पाठवले. गावी पडवीत ठेवलेली तुझीच स्कूटर घेऊन तो संध्याकाळपर्यंत फलाटावर मामाची वाट पाहत राहिला. तू रेल्वे चुकवून एस.टी.ने आलास आणि रिकामी पडवी बघून थेट पोलादपूर ठाणे गाठलेस.

वकील म्हणतात, मालकाला न विचारता वाहन नेले तर तीन महिने कैद, पाचशे रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचे काही नाही. पण शिक्षेचा डाग लागला तर एस.टी.तली ड्रायव्हरची नेमणूक गेली. कायद्यात एकच वाट आहे: विचारले असते तर मालकाने गाडी दिलीच असती, असे कोर्टाला पटले की आरोपी सुटतो. तारखेला येऊन तेवढे सांग. ठकूला जेवण जात नाही.

लोभ कमी केलास तरी चालेल, पण ये.

तुझा,
महिपतदादा

मुंबई, दि. १५ फेब्रुवारी

ती. दादांस सोनबाचा सा. नमस्कार.

मी 'कुणाला तरी पाठवा' लिहिले. 'माझ्या स्कूटरवर पाठवा' असे कुठे लिहिले? सहा वर्षांत ती मी सासऱ्यांनाही दिली नाही. सीटचे प्लास्टिकसुद्धा अजून काढलेले नाही. मग खोटी शपथ घेऊ? प्रिन्सिपल नावाची काही चीज आहे की नाही? शिवाय एकदा 'दिली असती' म्हटले की उद्या सगळी वाडी दारात.

राजूस आशीर्वाद. वहिनींस नमस्कार.

आपला,
सोनबा

महाड, दि. २३ फेब्रुवारी

चि. सोनबास आशीर्वाद.

इतके मोजून शब्द आमच्या संस्कृत सूत्रकारांनीही वापरले नसतील. असो. वकिलांना तुझ्या औदार्याचा एखादा साक्षीदार हवा होता, म्हणून आंबेनळी घाटाच्या पायथ्यापर्यंत वाड्या धुंडाळल्या. चांगू म्हणाला, सोनबाने एकदा दिली होती, पण ढकलायला. बयाबाईने सांगितले की सोनबा देनारा नाय, आणि हे सांगायला ती महाडपर्यंत पायी येईल.

तेव्हा तूच उरलास. एक आठवण देतो. प्रथम मुंबईला गेलास तेव्हा ठकूची लग्नातली ट्रंक न विचारता नेलीस. ती अजून तुझ्याच खाटेखाली आहे. सासरी बोलणी खाऊनही ठकू एवढेच म्हणाली, की दादूसने मागितली असती तर दिलीच असती.

तारीख नऊ मार्च, सकाळी अकरा.

महिपतदादा

महाड, दि. २ एप्रिल

चि. सोनबास आशीर्वाद.

राजू काल कामावर रुजू झाला. ठकू जेवते, वर मलाही आग्रह करते.

साक्षीच्या पिंजऱ्यात तू 'दिली असती, साहेब' म्हणालास ते न्यायाधीशांना जेमतेम ऐकू आले. मागे बसलेल्या वाडीला मात्र स्पष्ट. तुझी भीती व्यर्थ ठरली, दारात कोणी येत नाही. शपथेवर होकार मिळाल्यावर विचारायचे कशाला, असा चांगूचा युक्तिवाद आहे. काल बयाबाईची शेळी स्कूटरवरून पोलादपूरला डॉक्टरकडे गेली. सीटचे प्लास्टिक तिने वाटेत खाल्ले. तब्येत बरी आहे.

पुढच्या खेपेस वीरहून रिक्षाने ये. ट्रंक आण.

लोभ असावा, असे लिहीत नाही. मागितला असता तर दिलाच असतास.

तुझा,
महिपतदादा