डाव्या बाजूचं वाक्य

कोल्हापूर,
मंगळवार, ९ सप्टेंबर २०२५

जोया,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचे की नाहीत, ते पत्र वाचून झाल्यावर ठरव.

तुझा पत्ता तुझ्या आईनं दिला. परवा मंडईत समोरासमोर आलो. मला वाटलं, नजीरा तोंड फिरवून जाईल. पण ती कोथिंबिरीची जुडी हातात घेऊन सरळ उभी राहिली आणि म्हणाली, "पत्र लिवा की, न्हाय कोन म्हनतंय? पर माज्या पोरीला परत रडवू नका, आक्का." तू मलकापूरला शाळेत शिकवतेस, मुलांचं गॅदरिंग आलं की नाटक बसवायला मात्र नाही म्हणतेस, हेही तिनंच सांगितलं. पाव किलो गवारी घ्यायची होती, ती अर्धा किलो घेऊन घरी आले.

फोन केला असता, पण फोनवर हल्ली मला जमत नाही. का, ते पुढे लिहिते.

माझं बरं चाललंय. त्रेसष्ट पूर्ण झाली. सकाळी रंकाळ्यावर चालणं, मग आवाजाचा रियाज, मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या, सगळं अजून तसंच. बर्फ आणि लोणचं चाळीस वर्षांत तोंडाला लावलेलं नाही. प्रयोगाच्या आदल्या दिवशी तांबडा रस्सा बंद. तुम्ही पोरं मला हसायचात, पण गळा अजून खणखणीत आहे. एका मालिकेत आजीचं काम करते. आजी सोफ्यावर बसून सुनांना टोमणे मारते, त्यामुळे गुडघ्यांनाही आराम आहे.

जुलैत इथल्या एका कॉलेजनं व्याख्यानाला बोलावलं होतं. विषय त्यांनीच दिला, नटाची कला आणि नटाची तब्येत. तासभर बोलले. तुला पाठ असलेलंच सगळं. नटानं पोट हलकं ठेवावं, झोप चुकवू नये, काही सुचत नसेल तर डोकं धरून बसण्यापेक्षा घर झाडावं. आणि बोलायला कुणीही शिकवील, खरा अभिनय समोरच्याचं ऐकण्यात असतो. समोरचा वाक्य म्हणत असताना जो आपलं पुढचं वाक्य आठवत बसतो, तो नट नव्हे, पाठांतरवाला. टाळ्या पडल्या.

मग प्रश्न सुरू झाले. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "आक्का, प्रयोगात भूक कशी सांभाळता?" मी मन लावून उत्तर दिलं. दोन तास आधी मऊ भात आणि दूध, अर्धं केळं, मध्यंतरात कोरा चहा, ढेकर आलीच तर कशी गिळायची तेसुद्धा करून दाखवलं. सभागृह पोट धरून हसलं. मी खूश झाले, म्हटलं, अजून लोकांना हसवता येतं आपल्याला.

मला घरी सोडायला अनुजा नावाच्या प्राध्यापिका आल्या होत्या. दारात गाडी थांबवली आणि म्हणाल्या, "आक्का, रागावणार नसाल तर एक सांगू? ती मुलगी भूक म्हणाली नव्हती. चूक म्हणाली होती. प्रयोगात चूक कशी सांभाळता." मी रागावले, अर्थात. आजकालच्या पोरी पुटपुटतात, असं म्हणून गाडीचं दार आपटलं.

पण घरात आल्यावर ते काही डोक्यातून जाईना. दुसऱ्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरकडे गेले. त्यांनी एका काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन लावले आणि शिट्टी ऐकू आली की बटण दाबा म्हणाले. डाव्या कानाच्या वेळी मी बटण हातात धरून वाट बघत बसले. मला वाटलं, मशीन बिघडलंय.

डॉक्टर म्हणाले, बारीक, उंच आवाज पहिल्यांदा जातात. बायकांचे, लहान मुलांचे. जत्रेतल्या प्रयोगांत वीस वर्षं डाव्या अंगाला कर्णा लावलेला असायचा, तो भोवला असेल म्हणाले. मी विचारलं, कधीपासून असेल हे? ते म्हणाले, दहा वर्षं तरी नक्की.

जोया, मी गळ्यासाठी जन्मभर एवढं केलं आणि कानात कधी तेलाचा थेंब घातला नाही. घातला असता तरी उपयोग नव्हता म्हणे, पण डोक्यात यायला तरी हवं होतं. आता विचार केला की कळतं, हा कान स्वतःचं स्वतःच सांभाळून घेत होता. त्याच्या जागी डोळे समोरच्याचे ओठ वाचत होते. तालमीत मी सगळ्यांना माझ्या उजवीकडे उभं करायचे आणि वर सांगायचे की चित्र चांगलं दिसतं.

ऑगस्टात कानात यंत्र आलं. फोन कानाला लावला की ते शिट्टी घालतं, पण समोरच्या माणसाचं ऐकू येतं. पहिल्या दिवशी घरातून चालताना मागे कोण येतंय म्हणून तीनदा वळून बघितलं. माझ्याच चपला होत्या. किती वर्षं त्या चप्पलवाल्याशी भांडत होते, की आता पूर्वीसारख्या करकरणाऱ्या चपला तू करत नाहीस. बिचारा दर वेळी कान पकडायचा. त्याची माफी मागून आले. ते सोपं होतं.

इथवर लिहून मी दोनदा चहा केला आणि एकदा कपडे वाळत घातले. आता लिहिते.

तीन वर्षांपूर्वी स्पर्धेच्या प्रयोगात तिसऱ्या प्रवेशात मी आई, तू मुलगी. घरात चोरी झालेली, आळ गड्यावर आलेला. तालमीत तू माझ्या उजवीकडे असायचीस, पण त्या दिवशी नेपथ्यातलं दार डावीकडे आलं, म्हणून तू डावीकडे, प्रेक्षकांना पाठमोरी; मी समोर बघत होते, तुझे ओठ मला दिसत नव्हते. तुझं वाक्य होतं, "आई, दार मीच उघडं टाकलं होतं." ते ओरडून म्हणू नकोस, मनापासून म्हटलंस तर शेवटच्या रांगेत जातं, हे मीच तुला महिनाभर घोकवलं होतं. त्या दिवशी मी थांबले. वाक्य आलं नाही. अजून थांबले. मग वाटलं, ही विसरली, आणि मी सरळ दोन पानं पुढे उडी मारली. मुलीची पुढची सगळी कबुली त्या दोन पानांत गेली, मग आई तिला शेवटी माफ कशाला करते, असं झालं. नाटक पडलं.

आणि मग रंगपटात मी सगळ्यांसमोर तुला जे बोलले, ते तुला सांगायची गरज नाही. तू एवढंच म्हणालीस, "मी म्हटलं की, आक्का." मी म्हणाले, "वर आणि खोटं बोलतीस? खोटारड्या माणसानं रंगमंचावर पाय ठेवू नये." तू तोंडावरचा रंगसुद्धा न पुसता गेलीस. तुझं वय एकवीस होतं.

डॉक्टर दहा वर्षं म्हणाले ना, तेव्हा त्या काचेच्या खोलीबाहेरच मला तुझं ते "मी म्हटलं की" आठवलं. तरी यंत्र आल्यावरही आठ दिवस मी गप्प बसले. धीर होत नव्हता. मग आपल्या कृष्णातला घरी बोलावलं. त्या प्रयोगाला ध्वनीवर तोच होता, रंगमंचावर टांगलेल्या माइकवरून त्यानं सगळं रेकॉर्ड केलं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर आम्ही ते लावलं.

तू म्हटलं होतंस. स्वच्छ, हळू, जसं मी शिकवलं होतं तसं. मी हलले नाही म्हणून थोडं थांबून पुन्हा म्हटलंस, किंचित मोठ्यानं. दोनदा, जोया. आणि मग तू गप्प राहिलीस, कारण तुला वाटलं असणार की आक्का पॉज घेतेय. माझे पॉज प्रसिद्ध ना. एका परीक्षकानं नंतर मला मुद्दाम भेटून त्या पॉजचं कौतुक केलं होतं. ते कौतुक मी तीन वर्षं चारचौघांत सांगत होते.

मी कृष्णातला विचारलं, "तुला हे तेव्हा ऐकू आलं होतं?"

"आलतं की. समद्यास्नीच आलतं."

"मग बोलला का नाहीस?"

तो वायर गुंडाळत म्हणाला, "तुमास्नी कोन सांगनार, आक्का? त्या पोरीची काय गत झाली ते बघितलंवतं की आमी."

कान गेला हा माझा गुन्हा नाही, हे मला कळतं. पण बहिरी नसते तरी तुला खोटारडी म्हणण्याआधी शेजारी उभ्या असलेल्या एकाला तरी विचारता आलं असतं. मी विचारलं नाही, कारण चूक माझी असू शकते हे माझ्या मनातच आलं नाही. तो आजार कानाचा नव्हे. त्याचा मला गर्व होता आणि त्याला मी शिस्त म्हणत होते. माझं चुकलं. तुझं मोठं नुकसान केलं मी.

गेल्या रविवारी तालमीला सगळ्यांना बसवून ते रेकॉर्डिंग ऐकवलं आणि हेच सांगितलं. कुणी चकित झालं नाही. सगळे आपापल्या पायांकडे बघत होते. त्यांच्यासाठी त्यात नवीन काहीच नव्हतं. नवीन ते फक्त मला होतं.

परत ये म्हणायला हे पत्र लिहिलेलं नाही. तो हक्क मला राहिलेला नाही. पण एकवीस तारखेला, रविवारी, मी मलकापूरला येते आहे. एसटी स्टँडवर अकरा ते एक बसेन. आलीस तर तुला हवं ते बोल, मी मध्ये तोंड घालणार नाही. नाही आलीस तर एकच्या गाडीनं परत जाईन आणि घरी येऊन दार वाजवणार नाही.

आणि रागावायचं असेल तर मोठ्यानं बोलायची गरज नाही. हळू बोललीस तरी मला ऐकू येतं आता.

तू खोटं बोलली नव्हतीस.

आक्का