सुट्टीच्या दिवशीचा भोंगा

सोमवार, १० मार्च
राइस मिलच्या मागे भाताच्या तुसाचा ढीग आहे. त्यात दबलेल्या टिनाच्या पत्र्याखाली रानमांजरीने पिलं घातली आहेत. आज वाकून खात्री केली. चार. डोळे उघडलेले. हात लावायचा नाही. माणसाचा वास लागला आणि तिने टाकून दिली तर?
पण आवारात कुत्रे पाच. ती वाचते कशी?

बुधवार, १२ मार्च
तीन दिवस वेळ लिहून ठेवली. सारखीच. एकचा भोंगा वाजला की मजूर फाटकापाशी डबे उघडतात, पाचही कुत्रे तुकड्यासाठी तिकडे पळतात. त्याच मिनिटाला ती गोदामात. उंदीर घेऊन दोनच्या आत परत. आमच्या मिलचं घड्याळ तिला माझ्यापेक्षा पक्कं कळलं आहे.

शुक्रवार, १४ मार्च
वीटभट्टीचा ट्रक अर्धा ढीग घेऊन गेला. उरलेला रविवारी दोनला, मिल बंद असताना. शेठला म्हटलं, आठ दिवस थांबा. कारण सांगितलं.
"बिलाईसाठी ट्रक थांबवू? तुह्यं लग्नच लावून द्या लागते आता!"
सगळे हसले. मीही हसलो.

शनिवार, १५ मार्च
ट्रकने ती बिथरली आहे. सकाळी एक पिलू तोंडात धरून नाल्याच्या भिंतीपर्यंत आली. कुत्रे उठले. परत टिनाखाली. म्हणजे जायचं तिच्याही मनात आहे, फक्त कुत्रे बाजूला हवेत. आणि उद्या रविवार. भोंगा नाही, डबे नाहीत.
चौकीदार यादवकाकांना विचारलं, उद्या एकला भोंगा वाजवाल का?
"सुट्टीच्या दिवशी? पागल झाला का बे? अर्धी वस्ती डबे घेऊन येईन!"
"शेठ बोलले तर माझं नाव सांगा."
काकांनी तंबाखू मळून दाढेखाली ठेवली. मग म्हणाले, "पोळ्या तू आणजो."

रविवार, १६ मार्च
आईने वीस पोळ्या केल्या. कायले, ते विचारलं नाही.
१.०० भोंगा. कुत्रे फाटकावर. काका एकेक तुकडा टाकत आहेत, हळूहळू.
१.०६ पहिलं पिलू भिंतीपलीकडे.
१.१९ दुसरं.
१.३१ तिसरं.
१.४० ती आली नाही. पोळ्या सहा उरल्या.
१.४६ टिनाची कड खचली, तूस घसरलं. आत जायचं तोंड बुजलं. आतून चौथ्याचा बारीक आवाज येतो. मांजरी भिंतीवर आहे, खाली उतरत नाही. मी फार जवळ उभा आहे म्हणून? दूर गेलो तर तूस कोण काढणार?
१.५१ ट्रक फाटकात. ट्रकवरचा मुकादम ओरडतो आहे, "बाजूले हो रे भाऊ!" काका म्हणतात, पोळ्या संपल्या.
हात लावायचा नाही, हे मीच सोमवारी लिहिलं.
मुकादमाला सांगितलं, फावडं नको, आधी मी. वही खिशात ठेवतो. दोन्ही हात लागतील.