तुमच्या नावाचे अकरा दिवस

शेडल्से, गुरुवार

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही माझं बोलणं मध्येच तोडता, म्हणून लिहिते. पत्र फाडता येतं, पण आधी वाचावं लागतं. आई म्हणते, आरोग्यधामातल्या बिनमिठाच्या सूपवरून तुम्ही रोज स्वयंपाक्याशी भांडता. म्हणजे हृदय ठीक आहे.

मंगळवारी दुपारी बोगुमिलकाकांचा माग्डेबुर्गजवळून फोन आला. ट्रकमध्ये पोचवायच्या खिडक्या होत्या, गिऱ्हाईक तासाभरावर होतं आणि गाडीतल्या यंत्रानुसार काकांचे कायद्याने चालवायचे दिवसाचे तास संपले होते. म्हणाले, "यागोदा, बाळ, घाबरू नकोस. बाबांचं कार्ड नेहमीसारखं माझ्याकडेच आहे. यंत्रातून माझं काढतो, त्यांचं घालतो."

'नेहमीसारखं' या शब्दावर मी अडले. मग म्हटलं, "काका, गाडी तिथेच उभी करा." ते हसले. "तुझे बाबा असते तर मी एव्हाना माल उतरवून कॉफी पीत असतो." मी म्हटलं, "बाबा आरोग्यधामात चिखलाचा शेक घेतायत. तुमच्या यंत्रात मात्र ते जर्मनीत गाडी चालवताना दिसतील." मग ते हसले नाहीत. गाडी अकरा तास उभी राहिली. गिऱ्हाइकाचा माणूस फोनवर म्हणाला, "बाई, मी खिडक्या मागवल्या होत्या, मुरत ठेवायला कोबी नव्हे." मी म्हटलं, "झोपाळू माणसाने आणल्या तर काचा वेचत बसाल." त्याने पुढचं काम काढून घेतलं. घेऊ दे.

मी घाबरट आहे, दाराचं कुलूप तीनदा ओढून बघते, हे तुम्ही सगळ्यांना हसत सांगता. खरंच आहे. पण बघणं मला तुम्हीच शिकवलंत. शाळेत जायच्या आधी मी आकडे शिकले ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर, गाडीच्या यंत्रातून निघालेल्या गोल कागदी चकत्यांवर. जाड रेघ म्हणजे चाक फिरतंय, बारीक रेघ म्हणजे आराम. "माणूस थापा मारेल, चकती मारत नाही," असं तुम्ही म्हणायचात. आता चकत्या गेल्या, कार्डं आली. चालकांची कार्डं मी तपासते, पण तुमचं कार्ड आणि गाड्यांच्या यंत्रांतल्या नोंदी तुम्ही कधी माझ्या हाती दिल्या नाहीत. "ते राहू दे माझ्याकडे."

काल काका परतल्यावर मी त्यांच्या गाडीच्या यंत्रातली नोंद उतरवून घेतली. तुमच्या नावाने गाडी चाललेले अकरा दिवस सापडले. त्यांतल्या एका दिवशी तुम्ही इथल्या रुग्णालयात छातीला तारा लावून पडला होतात आणि तुमचा कोट माझ्या मांडीवर होता.

मग मी वाहतूकदार संघाच्या ग्राझिनाबाईंना फोन केला. तुम्ही त्यांना 'वर्गणी खाणारी म्हातारी' म्हणता. म्हातारीने तासभर ऐकून घेतलं. "तपासणी कार्यालयाला आपणहून सांगितलंत तर कंपनीचा परवाना वाचायची आशा आहे," त्या म्हणाल्या, "तुमच्या वडिलांचं व्यवस्थापकपद मात्र बहुतेक जाईल. वाहतूक व्यवस्थापकाचं प्रमाणपत्र असलेलं दुसरं कोणी आहे का?" मी म्हटलं, आहे. डिसेंबरात मी ती परीक्षा पास झाले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "छान, भिंतीवर टांग." टांगलेलं नाही, बाबा. पिशवीत ठेवलंय.

सगळेच असं करतात, असं तुम्ही म्हणाल. काकाही तेच म्हणाले. मग मी त्यांना अकरातला शेवटचा दिवस दाखवला. फेब्रुवारीतला, पोझनानजवळ गाडी कठड्याला घासत गेली आणि काकांच्या गळ्याजवळचं हाड मोडलं तो. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. "बर्फ नव्हता गं," म्हणाले, "डोळा लागला." दोन कार्डांवर मिळून तो त्यांचा गाडी चालवण्याचा चौदावा तास होता. विम्याच्या कागदावर 'रस्त्यावर बर्फ होता' असं तुम्ही सांगितलंत आणि मी लिहिलं. खाली सही माझी आहे. एरवी सगळं तीनदा तपासणाऱ्या मी ते एकदाही तपासलं नाही, कारण सांगणारे तुम्ही होतात.

सोमवारी सकाळी मी तपासणी कार्यालयात जाते आहे. सोबत ते अकरा दिवस नेईन, आणि माझी सही असलेल्या विम्याच्या कागदाची प्रतही. व्यवस्थापक म्हणून तुमच्या जागी माझं नाव लावण्याचा अर्ज या पाकिटात आहे. सही केलीत तर आनंद होईल, नाही केलीत तरी मी जाणार. परवानगी मागायला हे लिहिलेलं नाही. तुम्हाला हे परक्याच्या तोंडून कळू नये, माझ्याकडून कळावं, एवढ्यासाठी लिहिलं.

न विचारता निघालेली, तरी तुमचीच,
यागोदा