साडेअकराचं मिश्रण

३ मार्च, हिंगणघाट

कैलासदादांशी आज पुन्हा तेच. गॅरेज त्यांचं, टर्बो गाड्यांचं ट्यूनिंग मी करते, बाकी सगळं ते. खुशाल नावाच्या गिऱ्हाइकाची गाडी हायवेवर पळवून आणली. टर्बोच्या पूर्ण दाबावर एक भाग पेट्रोलला साडेअकरा भाग हवा ठेवली. दादा म्हणे, "निरं पेट्रोल पाजून राह्यली तू गाडीले. साडेबारा केलं तं काय होते?"

होतं काय — पिस्टन वितळतो. टर्बो आत हवा कोंबतो तेव्हा जास्तीचं पेट्रोलच थंडावा देतं. शंभरदा सांगून झालं. खुशालला ताकदही हवी आणि ॲव्हरेजही. शी.

४ मार्च

खुशाल गाडी घेऊन गेला. जाताना दादांशी बाजूला काहीतरी बोलत होता. मी आले, तर दोघं गप्प.

१९ मार्च

खुशालचं इंजिन गेलं. सावंगीच्या दवाखान्यातून आईला घरी आणत होता. रंभाबाई मागच्या सीटवर, पोटाचे टाके ओले. ट्रकला ओव्हरटेक करताना मध्येच गाडीचा जीव गेला आणि समोरून बस! बसवाल्यानं बस मातीत उतरवली, म्हणून वाचले. धक्क्यानं टाके उसवले. रंभाबाई परत सावंगीला.

२० मार्च

इंजिन उघडलं. तिसऱ्या पिस्टनची कड मेणासारखी ओघळलेली. पेट्रोल कमी पडलं की असंच होतं. माझ्या नोंदीत तर साडेअकरा आहे. मग कमी केलं कोणी? पेट्रोलचं प्रमाण ज्यावरून बदलते तो माझा लॅपटॉप गॅरेजमध्येच असतो, पासवर्ड दादांना माहीत.

हात तीनदा धुतले. वास जात नाही.

२१ मार्च

सगळ्यांसमोर दादांना विचारलं, "खुशालनं सांगितलं म्हणून पेट्रोल कमी केलंत ना?"

"मी हात नाई लावला, जागृती."

"मग पिस्टन आपोआप वितळला?"

खुशालनं त्यांची कॉलर धरली. शेजारच्या टायरवाल्या रूपरावांनी सोडवलं. दादा नुसते माझ्याकडे बघत राहिले. त्या बघण्याचीच किळस आली. 'पोरगी इंजिनाले हात लावीन?' असं सगळे म्हणत होते तेव्हा याच माणसानं मला जागा दिली. आणि एक म्हातारी बाई मरता मरता वाचली, तरी हा खोटं बोलतो. लॅपटॉप उचलला, निघाले. पेट्रोल किती सोडायचं ते ठरवणारा गाडीतला प्रोग्राम खरंच कोणी बदललाय का, हे वाचून बघायचीही गरज वाटली नाही.

२४ मार्च

खुशालनं पोलिसांत तक्रार दिली. माझा जबाब झाला. दादांचं नाव घेतलं, सही केली. गॅरेजला कुलूप आहे म्हणे. बरं झालं.

रूपरावांचा फोन आला होता. "एक डाव भेटून तं येजो त्याले. जेवून नाई राह्यला तो." मी ठेवून दिला.

२७ मार्च, वर्धा

ओळखीच्या माधवीच्या गॅरेजमध्ये पहिलं काम. अनुप नावाच्या गिऱ्हाइकाची गाडी. त्यानं मिश्रणाचा स्वतःचा मीटर आधीच बसवलेला. इंजिन नुसतं चालू ठेवलं, तर त्याच्या मीटरवर १४.७. माझ्या मीटरचा आकडा लॅपटॉपच्या स्क्रीनवर १३.

"ताई, तुमचा मीटर चुकून राह्यला का?"

तुमचा स्वस्तातला असेल, म्हटलं. माधवी म्हणाली, "पण उभ्या गाडीत चौदा-पंधराच पाहिजे ना?"

मी लॅपटॉप मिटला.

२८ मार्च

मीटर दोन्ही बरोबर आहेत. फेब्रुवारीत लॅपटॉप बदलला, तेव्हा मीटरच्या सिग्नलवरून आकडा काढायची पट्टी मी चुकून दुसऱ्याच कंपनीच्या मीटरची निवडली. स्क्रीनवरचे साडेअकरा म्हणजे खरे सव्वातेरा. दादांनी हात लावलाच नव्हता.

फेब्रुवारीपासून मी ट्यून केलेल्या आणखी चार गाड्या रस्त्यावर आहेत. चौघांनाही फोन केला — चालवू नका. आता हिंगणघाटला निघते. आधी पोलीस ठाण्यात, मग दादांच्या घरी.