चढावरच्या घरासाठी गाडी

३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. तिकडेही असेल असं धरून चालते, कारण तू आपणहून पत्र लिहिशील तर शपथ!

कामाचं बोलते. एक जुनी गाडी बघ. लहान हवी, मोठी आपल्या फाटकातून शिरायची नाही. ऑटोमॅटिक हवी, कारण घोट्यात धातूची पट्टी बसवल्यापासून माझा डावा पाय क्लच दाबायला साफ नकार देतो. आणि फोर-व्हील ड्राइव्ह हवी. आपला चढ तुला माहीत आहे. परवा गॅसवाल्याचा टेम्पो अर्ध्यातून मागं घसरत गेला आणि तो बिचारा सिलिंडर खांद्यावर घेऊन धापा टाकत आला. किंमत बेताची असावी. एवढं सगळं एकाच गाडीत मागणं म्हणजे स्थळ बघण्यासारखंच झालं, पण कारखान्यात जन्मभर बेअरिंगमधले दोष काढलेला तुझ्यासारखा चिकित्सक माणूस मला दुसरा कुठं मिळणार?

गाडी अर्थात बाबांसाठी. त्यांना दर महिन्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यावं लागतं, शिवाय सामानसुमान असतंच. शिवणवर्गाच्या बाई विचारत होत्या, कापड बेतायला शिकवायला परत कधी येतेस म्हणून. पुढच्या महिनाअखेरपर्यंत माझी जागा धरून ठेवतील. हे आपलं सहज सांगितलं. पडून पाय मोडला, त्या इस्पितळातून घरी आल्यापासून मी फाटकाबाहेर गेलेले नाही, तेव्हा बाहेरच्या बातम्या तूच कळव.

माया आहे तशीच राहू दे, आणि उत्तर दे.
तुझी ताई

११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तीन गाड्या बघितल्या. पहिली दिसायला छान, पण गियरबॉक्सच्या तेलाला करपल्याचा वास. दुसरीच्या मागं झोकात ४×४ लिहिलेलं. मी चटई टाकून खाली शिरलो, तर इंजिनाकडून मागच्या चाकांकडे दांडा जातच नव्हता. नुसती चिकटवलेली अक्षरं! दलाल म्हणाला, लोक इतकं वाकून बघत नाहीत. तिसरीचे चारही टायर वेगवेगळे झिजलेले. चारही चाकं एकदम ओढणाऱ्या गाडीत असं चालत नाही, आतले भाग मार खातात. तिन्ही नापास.

मग म्हटलं, घाईघाईनं तुझ्या गळ्यात धोंड कशाला बांधायची? डॉक्टरांना जाऊन भेटलो, अक्षरशः हातापाया पडलो. आता दर महिन्याला तेच वर येतील, त्यांची गाडी दणकट आहे. वाणीही सामान घरपोच द्यायला कबूल झालाय. म्हणजे बाबांना हलायला नको आणि तुलाही नको. सुटलीस बघ एकदाची!

बाबांना नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो मी गृहीत धरलाय.
तुझा धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रानं बाबा खूश झाले. मी मात्र भांडी घासताना रडले, आणि भांडी तरी किती, दोन माणसांची. डॉक्टर आले, तपासून गेले. वाणी आला, पोती ठेवून गेला. दोघंही फाटकापाशी गाडी वळवून खाली निघून गेले आणि मी कडी लावून आत आले.

रागावू नकोस. तू सोय केलीस खरी, पण माझं एकेक निमित्त काढून घेतलंस. आपल्या घरात स्वतःसाठी मागायची कुणालाच सवय नाही. आई गेली, तरी तिला काय आवडायचं ते तुला-मला धड सांगता यायचं नाही. म्हणून मीही बाबांचं नाव पुढं केलं. आता सरळच लिहिते: गाडी मला हवी आहे. मला वर्गावर जायचंय. बायकांच्या गलक्यात उभं राहून कात्री चालवायचीय, आणि येताना उगाच लांबच्या रस्त्यानं यायचंय. इथं मला कोंडल्यासारखं होतं रे. बाबा त्रास देत नाहीत, म्हणून तर कुणाला सांगायचीही सोय नाही.

एवढं मागितलं म्हणून जीव लावणं कमी करू नकोस.
ताई

२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं. गंमत बघ, नेमकी हवी तशी गाडी मागच्याच आठवड्यात सापडली. लहान, निळी, एका बाईंनी जपून वापरलेली. मैदानात गोल गोल फिरवली, कुठं अडखळली नाही. चढावर थांबवून पुन्हा उचलली, हूं की चूं नाही. दोष शोधून सापडेना. पण मनात आलं, तू वर्गावर गेलीस आणि इकडे बाबा पडले तर? मालकीणबाईंना सांगितलं, कळवतो.

पण तुला कोंडल्यासारखं होतं, हे मी मनावर घेतलंय हं. शिवणवर्गाच्या बाईंना भेटलो. कापायचं काम त्या घरी पाठवायला तयार आहेत! गॅसवाला आणील, गॅसवालाच नेईल. हाताला काम झालं आणि बाबाही नजरेसमोर राहिले.

आता तरी हस, आणि आहे तसाच जीव असू दे.
तुझा धाकटा

१० एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गाठोडं पोचलं. बाईंनी चिठ्ठीत लिहिलंय, भाऊ असावा तर असा. खूप धावपळ केलीस. गाडीचं आता राहू दे. बाकी विशेष नाही. तब्येतीला जप.
ताई

१९ एप्रिल

चि. लेकास,
आशीर्वाद.

ओळी एकमेकींवर चढल्या असतील, सांभाळून घे. ताईला हे पत्र माहीत नाही, पोस्टमनच्या हातात मीच देणार आहे. तुझी पत्रं ती मला वाचून दाखवते. मध्येच थांबली की समजतो, काहीतरी गाळलं. निळ्या गाडीचं मात्र तिनं सगळं वाचलं.

दुपारी मी झोपतो असं तिला वाटतं. डोळे गेले तरी कान शाबूत आहेत माझे. इस्पितळातून आल्यापासून ती रोज दुपारी शेडमधल्या माझ्या जुन्या जीपमध्ये जाऊन बसायची. इंजिन चालू करायची. क्लच दाबता येत नाही, मग गाडी जागची हलणार कशी? थोड्या वेळानं बंद करून आत यायची आणि चहा टाकू का, विचारायची.

गाठोडं आल्यापासून तो आवाज येईना. मला वाटलं, बॅटरी उतरली. आज ती कापड कापत बसली होती, तेव्हा काठी टेकत शेडमध्ये गेलो आणि चाचपडत किल्ली फिरवली. पहिल्या झटक्यात चालू झाली. बराच वेळ चालू ठेवली. ती उठून बघायलासुद्धा आली नाही.

मी पडलो तर पडलो. फारच काळजी वाटत असेल, तर तिच्या वर्गाच्या दिवशी तू येऊन बस माझ्यापाशी. माझा लोभ हवा असेल तर आता पत्र पाठवू नकोस, गाडी घेऊन ये.
बाबा