गुलाबी द्रव पिवळा पडला की

प्रिय बाळा,

पाच तारखेला डबे भरून महिनाभर तुझ्याकडे राहायला येते म्हटलं, तर तू म्हणालास, "आई, मला भूक लागायला तरी वेळ दे." त्यानंतर आठ दिवस मी फोन केला नाही. रागच आला होता, खोटं कशाला सांगू? बाबांनी तुझी बाजू घेतली म्हणून त्यांच्याशीही अबोला धरला. आता राग गेलाय. कसा गेला ते ऐक, त्यात फजिती माझीच आहे.

आमच्या प्रयोगशाळेत सध्या रोगप्रतिकारक पेशी वाढवतोय. छोट्या छोट्या खणांच्या एकाच प्लेटमध्ये दोन प्रकारच्या. एक भांडखोर, जंतू दिसला की तुटून पडणाऱ्या. दुसऱ्या शांत, त्यांना आवरणाऱ्या. आवरतात कशा, तर पोषक द्रवातला एक घटक त्या स्वतःच संपवून टाकतात. तो मिळेनासा झाला की भांडखोर पेशींची वाढ थांबते. मरत नाहीत, नुसत्या गप्प बसतात. नाहीतर जंतू संपल्यावर त्या आपल्याच शरीरावर उलटायच्या. पण दोन महिने आमच्या प्लेटमध्ये कुणी गप्प बसेना. आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम हैराण. शांत पेशीच बिघडल्यात असं समजून नव्या मागवायला निघाल्या होत्या.

मग मला ताप आला आणि तीन दिवस घरी राहिले. परत गेले तर भांडखोर मंडळी चिडीचूप. तू नसताना इथे काय बदललं, असं मॅडमनी मला विचारलं. पेशींचा तो पोषक द्रव गुलाबीचा पिवळट झाला की मला राहवायचं नाही रे. उपाशी आहेत बिचाऱ्या, असं वाटून घरी निघताना मी प्रत्येक खणात थोडा ताजा द्रव घालायचे, म्हणजे संपलेला घटक रोज पुन्हा हजर. एवढंसं काय लिहायचं म्हणून वहीत नोंदही नाही. सगळं कबूल केलं. मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि मग सगळा प्रयोग पहिल्यापासून करायला लावला.

काल त्यांनी त्या गप्प पेशींतल्या काहींना मुद्दाम ताजा द्रव दिला. आज त्या पुन्हा वाढायला लागल्यात. ते पाहून घरी आले आणि लिहायला बसले. तिकीट रद्द केलंय. तुझ्यासाठी भरलेले डबे बाबा आनंदाने संपवतायत. मी खुशीत आहे, खरंच. वाट बघणार नाही असं म्हणत नाही, पण फोन आता तूच करायचा. भूक लागली की हाक मार. तोवर मी हात मागे बांधून उभी राहते. जमेल असं वाटतंय.

तुझीच,
हात आवरायला शिकलेली आई